खाडीपलीकडची लाल कौलं: रत्नागिरी दर्शन, अर्धा दिवस, तीन तिकिटं

रत्नागिरीला जायचं ठरलं तेव्हा समुद्राचं नावही कुणी काढलं नव्हतं. माझ्या चुलत बहिणीला, वैशूताईला, तिथल्या झेडपीच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून ऑर्डर आली होती. डी.एड. होऊन दोन वर्षं ती घरी बसलेली. ऑर्डर आली तर ती थेट कोकणात, खाडीपलीकडच्या कुठल्याशा गावात. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले चुलते अप्पा, आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "जाऊन बघतो. पटलं तर ठेवतो, नाय पटलं तर संगं घेऊन येतो. सुकेण्याचं स्थळ अजून हातचं गेलेलं नाय."

सुकेण्याचं स्थळ म्हणजे बारा एकर द्राक्षबाग, स्वतःचा ट्रॅक्टर आणि ताईला अजिबात न आवडलेला मुलगा. त्यामुळे या ट्रिपमध्ये कुणाचं काय पणाला लागलंय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईला तर फारच.

आता यात मी कुठून आलो? तर आमच्या घरात "हा कामाचा नाय, पण याला रस्ते माहीत हायेत" अशी माझी ख्याती आहे. बारावीनंतर कॉलेजनं मला सोडलं की मी कॉलेजला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण कुठल्या स्टँडवर कुठली गाडी किती वाजता लागते, ते मला झोपेतून उठवून विचारा. अप्पांनी बॅग भरतानाच बजावलं, "वाटेत कुठं उतरून पळायचं नाय." मी एकदा शनिशिंगणापूरला जाताना मधेच राहुरीला ऊस बघायला उतरलो होतो. ते अजून निघतं.

नोव्हेंबर संपत आलेला. आमच्या निफाड तालुक्यात तेव्हा बागा फुलोऱ्यात असतात. ज्यांच्या घरी द्राक्षं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: फुलोऱ्यातली बाग म्हणजे घरात नुकतं जन्मलेलं बाळ. आभाळ भरून आलं की डावणी नावाचा रोग येतो आणि दोन दिवसांत घड काळे पडतात. अशा वेळी बागायतदार लग्नालासुद्धा जात नाही, गेलाच तर जेवणाआधी परततो. अप्पा तीन दिवसांसाठी बाग माझ्या वडिलांवर, म्हणजे नानांवर, सोपवून निघाले, यावरूनच काय ते समजा.

रस्त्याचं सांगतो. नाशिकहून पुण्याला कितीतरी गाड्या आहेत. सकाळी निघालात तर दुपारी पुणे. तिथून रत्नागिरीची रात्रीची एसटी धरायची. सातारा, कऱ्हाड, मलकापूर करत गाडी पहाटे आंबा घाटात उतरते. खिडकीची जागा डावीकडची घ्या असं मला एकानं सांगितलेलं, मी डावीकडची घेतली, आणि संपूर्ण घाटात मला फक्त डोंगराची भिंत दिसली. तेव्हा उजवीकडची घ्या. किंवा घाटात झोपा, पोटाला तेच बरं. ताईनं तेच केलं. अप्पा मात्र जागे होते. साखरप्याला गाडी चहाला थांबली तर खाली उतरून त्यांनी शर्टाची बाही चाचपली.

"लय दमट हाय रे. कपडा ओला लागतोय."

"अप्पा, कोकण आहे."

"म्हणूनच म्हणतो. अशा हवेत माणसाला बुरशी येईल."

ताई डोळे न उघडता म्हणाली, "मग मला पण फवारा मारून ठेवा."

रविवारी सकाळी रत्नागिरीत उतरलो. सरकारी ऑफिस बंद, हजर व्हायचं सोमवारी. स्टँडजवळच्या लॉजमध्ये तीन खाटांची खोली मिळाली. ताईची लोखंडी पेटी खाटेखाली सरकवली. पेटीत बाजरीचं पीठ, कुरडया, लाल मिरचीचा ठेचा आणि नव्या तीन साड्या. अप्पा म्हणाले, "उघडू नको आत्ताच."  ताईनं पेटीची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली, बस.

जेवायला गेलो. अप्पा माळकरी, त्यामुळे शाकाहारी खाणावळ शोधता शोधता अर्धं गाव पालथं घातलं. मला मधेच एक जुनं घड्याळाचं दुकान दिसलं आणि मी तिथं रमलो, ती गोष्ट वेगळी. खाणावळीत कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी आणि तांदळाची भाकरी. पिठलं इतकं झकास की मी दोनदा मागून घेतलं. अप्पांनी भाकरी उजेडात धरली. पलीकडचं दिसत होतं.

"ही भाकर हाय का टिपकागद?"

वाढणारी बाई हसली. म्हणाली, "आजोबा, खाऊन तर बघा वायच. नंतर शिव्या घाला." अप्पांनी चार खाल्ल्या. शिव्या घातल्या नाहीत, पण कौतुकही केलं नाही.

दुपार मोकळी होती. लॉजच्या काउंटरवर पाटी: "रत्नागिरी दर्शन, अर्धा दिवस, गाईडसह, माणशी शंभर." मी लगेच तीन तिकिटं फाडून घेतली. अप्पा म्हणाले, "आपण का फिरायला आलोय?" त्यावर ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ बोलली. "अप्पा, बघायला आलोत ना? मग नीट बघा. खोलीत बसून काय बघणार?"

दोनला टेम्पो ट्रॅव्हलर सुटली. आम्ही तिघं, कोल्हापूरचं एक निवृत्त जोडपं आणि मागच्या सीटवर नवं लग्न झालेली एक जोडी, जिनं संध्याकाळपर्यंत समुद्र वगळता कशाकडेही पाहिलं नाही, आणि समुद्राकडेही फारसं नाहीच. गाईडचं नाव दिगंबर. बारीक, चाळिशीचा, डोक्यावर टोपी आणि आवाज देवळातल्या स्पीकरसारखा.

"मंडळी, आपल्याला पाच पॉइंट करायचे आहेत. पाचही पॉइंटांवरून समुद्र दिसतो. समुद्र एकच आहे, पण प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. आमच्या मेव्हण्यासारखा."

कोल्हापूरचे काका खो खो हसले. काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या बहिणीसमोर म्हणा एकदा."

पहिला थिबा पॉइंट. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं होतं, त्याचा राजवाडा जवळच आहे. वाड्यात जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पॉइंट आधी करा. टोकावर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, नारळांची दाटी, लांबवर पूल आणि त्यापुढे उघडा समुद्र. मी आयुष्यात पुष्कळ हिंडलोय, पण गोदावरी आणि गंगापूर धरणाच्या हिशोबानं वाढलेल्या माणसाला एवढं पाणी एकदम दाखवू नये. मला उगाचच कुणाला तरी हाका माराव्याशा वाटल्या.

दिगंबर राजाची गोष्ट रंगवून सांगत होता. मधेच अप्पांनी विचारलं, "ते फलाणं गाव कुठं?" (गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. शाळेची बाई कोण ते उगाच सगळ्यांना कळायला नको.)

दिगंबर थांबला. "ते कशाला? तिथं पॉइंट नाही."

"आमच्या पोरीची शाळा हाय तिथं."

"असं होय! मग बघा, ही माझ्या बोटाची रेघ धरा. खाडीच्या पलीकडे माड संपतात, तिथं लाल कौलं दिसतात? चढणीवर? तेच."

आम्ही तिघंही बघत राहिलो. पाच-पन्नास कौलं, त्यामागं लाल कातळ, खाली काठाला टेकलेल्या दोन होड्या. एवढंच. माणूस एकही दिसत नव्हता. ताई कठड्याला रेलून अशी बघत होती, की कुणी नुसतं नाव घेतलं असतं तरी दचकली असती.

"जायचं कसं?" अप्पा.

"तरीनं." इकडे होडीला तर म्हणतात, ते दिगंबरनं आम्हाला सांगितलं. "फिरून रस्ता पण आहे, पण लांबचा. एसटी दोनच."

"मग आज न्या आम्हाला तिकडं. बाकीचे पॉइंट राहू द्या."

गाडीत एकच गलका. कोल्हापूरचे काका म्हणाले, "अहो पाव्हणं, आम्ही काय गाव बघायला पैसं दिल्यात व्हय?"

अप्पा त्यांना शांतपणे म्हणाले, "आमच्यात पोरगी द्यायची तर आधी तिथलं पाणी पिऊन बघत्यात. विहिरीचं पाणी गोड हाय का, एवढं बघतो आन् ठरवतो. पाच मिंटाचं काम."

हे खरं आहे. आमच्याकडं स्थळ बघायला गेलेले थोरले चहा नंतर घेतात, आधी तांब्याभर पाणी मागतात. घोट तोंडात फिरवतात. सोयरीक मोडायची असली की "पाणी मानवलं नाही" एवढं म्हणतात, कुणाचा अपमान होत नाही. ताईला नवरा नव्हे, नोकरी मिळाली होती, पण अप्पांना परक्या गावी लेक ठेवायची दुसरी कुठलीच रीत माहीत नव्हती.

दिगंबर म्हणाला, "आजोबा, तर आत्ता ओहोटीला चालत नाय. उद्या सकाळी भरतीला जा. पाणी कुठं पळून जात नाय."

अप्पा गाडीत जाऊन बसले. पण त्यानंतर जे सुरू झालं ते सांगतो. दुसरा पॉइंट मांडवीची जेटी. बाकीचे काळी वाळू बघताहेत, भेळ घेताहेत, आणि अप्पा दिगंबरला विचारताहेत, "इथनं ते गाव कुठल्या बाजूला?" तिसऱ्या पॉइंटला एका बाजूला काळ्या वाळूचा समुद्र, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या वाळूचा, मधे डोंगराची सोंड. असलं काही मी पाहिलं नव्हतं. मी काळी वाळू एका खिशात आणि पांढरी दुसऱ्या खिशात भरून घेतली. लॉजवर पोचेपर्यंत दोन्ही खिसे फाटले आणि वाळू एक झाली. तर तिथंही अप्पा पाठ फिरवून उभे. हात कपाळावर, नजर खाडीच्या दिशेला.

चौथ्या पॉइंटला मग दिगंबरनंच शहाणपणा केला. "मंडळी, उजवीकडे मिऱ्या बंदर, समोर अरबी समुद्र, आणि डावीकडे मागे, ते बारीक लाल दिसतंय ते आपल्या नाशिकवाल्यांचं गाव!" सगळे वळून बघू लागले. कोल्हापूरच्या काकूंनी तर विचारलंसुद्धा, "कुठलं गं बाई? ते? जागा छान आहे की. हवेशीर."

ताईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. माझ्या कानात म्हणाली, "बघ, माझी शाळा पॉइंट झाली."

शेवटचा मुक्काम किल्ला आणि दीपगृह. किल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, पायऱ्या सोप्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता येतं. दीपगृह दुपारी थोडाच वेळ उघडतं, तेव्हा वेळ विचारून जा. आत गोल जिना, वर बारीक गॅलरी, आणि वारा असा की बोललेलं तोंडातच परत येतं. वर चढलो तेव्हा सूर्यास्ताला अवकाश होता. पण सूर्य काही दिसेना. पश्चिमेकडून ढग आले होते. काळेभोर, दाट, समुद्रावर टेकलेले.

नवीन जोडी हिरमुसली. दिगंबर म्हणाला, "आज सनसेट रद्द. पैसे परत मिळणार नाहीत, सूर्य आमच्या कंपनीचा नाही."

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी दिगंबरचा दंड धरला.

"वारा कुठून कुठं चाललाय?"

"समुद्रावरून आत."

"आत म्हंजे? घाटाकडं?"

"होय तर. कोल्हापूर, सातारा, तिकडे सगळीकडे."

"नाशिककडं?"

दिगंबरनं आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न ऐकला असावा. "जातही असेल," तो म्हणाला.

झालं. अप्पा जिन्यानं खाली. साठी ओलांडलेला माणूस त्या गोल जिन्यावरून धडाधडा उतरला, मी मागे, ताई माझ्या मागे. किल्ल्याच्या पायथ्याशी टपऱ्यांच्या रांगेत एक पिवळं एसटीडी बूथ होतं. अप्पांनी काचेचं दार उघडंच ठेवलं आणि फोन लावला. मोबाइल आमच्या घरात यायला अजून वर्षभर होतं. घरचा फोन नानांनी उचलला असणार.

"नाना! ढग आलेत, ढग! काळेकुट्ट! आत्ताच्या आत्ता ब्लोअर काढ आन् फवारा मारून घे! वरच्या बागेला आधी! फुलोरा हाय, डावणी बसंल!"

नाना काय म्हणाले ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण अप्पांचा आवाज वाढत गेला.

"अरे तिकडं ऊन असू दे! इथं मी दीपगृहावरनं बघतोय! इथनं सगळं दिसतं!"

टपऱ्यांवरची माणसं थांबून बघायला लागली. दुसऱ्या टोकाला नानांनी काहीतरी सुनावलं असावं, कारण अप्पा एकदम थबकले. मग हळूच म्हणाले, "तीनशे मैल? हां. हां, तेबी खरं हाय." आणि फोन ठेवला. नंतर नानांकडून कळलं की ते म्हणाले होते, "तिकडचे ढग तिकडंच ठेव, इथं मी वांगी वाळवतोय."

आम्ही हसू दाबत होतो. एवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, द्राक्षासवर फवारा सांगी राहिनात ना? कोनता गावना शेतस?"

अहिराणी! रत्नागिरीत, समुद्राच्या काठावर, नारळपाण्याच्या गाडीशेजारी. चाळिशीच्या आतली एक बाई, हातात पिशवी, फोनसाठी रांगेत उभी. अप्पा वळले. त्यांना अहिराणी नीट बोलता येत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू निफाडचा बाजार भेटला.

"निफाडकडचे आम्ही. तुम्ही?"

"मी सटाणा बाजूनी शे. मन्हा घरवाला आठे मास्तर शे, मी बी शाळामा." आणि मग आमच्या सोयीसाठी ती साध्या मराठीत आली. इथल्या शाळांत नाशिक, धुळे, जळगावची खूप मुलं-मुली आहेत म्हणाली. रविवारी ती आईला फोन करायला इथं येते. डावणी हा शब्द ऐकला आणि तिला राहवलं नाही.

अप्पांनी तिला तिथंच बाकावर बसवलं. मला चहा सांगायला पिटाळलं. मी चहा सांगून परत येताना मधेच एका माणसानं सुके बोंबील बांधायची पद्धत दाखवली, त्यामुळे सुरुवातीचं थोडं बोलणं हुकलं. परत आलो तेव्हा ती सांगत होती.

"खोटं कशाला सांगू दादा. लग्नाआधीचं, पहिलं वर्ष रडण्यात गेलं. बाजरीचं पीठ मिळत नाही. पाऊस सुरू झाला की चार महिने कपडे वाळत नाहीत. एकटीनं राहायचं, कंदील लावून वह्या तपासायच्या. पण गाव चांगलं असतं. बाई म्हणून मान देतात. घरात पहिला फणस कापला की अर्धा बाईकडे येतो."

अप्पांनी मान हलवली. "उद्या सकाळी तरीनं जातो. पाणी पिऊन बघतो, मग ठरवतो."

ती बाई चहाचा कप खाली ठेवून सरळ अप्पांकडे बघत म्हणाली, "जाऊ नका."

"का?"

"माझे वडील आले होते पहिल्या दिवशी. सगळ्या गावासमोर विहिरीचं पाणी काढायला लावलं, खोलीची कडी हलवून बघितली, सरपंचाला म्हणाले, पोरीकडं लक्ष ठेवा. त्या दिवसापासून गावानं मला पोर म्हणूनच वागवलं. वर्षभर. मोठी मुलं बाईचं ऐकेनात. म्हणायची, बाईचा बाप बोलवू काय. बाप संगे ऊना का बाई बाई राहत नही, दादा. तुम्ही अलीकडंच थांबा. तिला एकटीला उतरू द्या."

 दिगंबर गाडीचा हॉर्न वाजवत होता. कोल्हापूरचे काका खिडकीतून ओरडले, "ओ द्राक्षवाले! आमची खाणावळ बंद हुतीया!"

ताई त्या बाईजवळ उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, "पाणी कसं असतं तिकडं?"

बाई अप्पांकडे बघून मग ताईकडे बघत म्हणाली, "सवय होते."

 परत आल्यावर दिगंबरनं टोपी फिरवली, आम्ही त्यात दहा-दहा रुपये टाकले. अप्पांनी वीस टाकले आणि विचारलं, "उद्या भरती कधी?"

"दहा-अकराच्या सुमाराला. आजोबा, जाणार?"

"बघू."

सोमवारी सकाळी पंचायत समितीच्या ऑफिसात ताई हजर झाली. साहेबांनी सही केली, म्हणाले, भरती आहे तोवर तरीनं निघा. धक्क्यावर आलो. होडीत पाच-सहा बायका आधीच बसल्या होत्या, टोपल्या घेऊन. मी ताईची पेटी खांद्यावर घेतली होती. अप्पा पाण्याच्या अगदी कडेला गेले, चप्पल काढली, धोतराचा सोगा वर धरला. ताई उभी राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, नका येऊ.  पण तिनं ते अप्पांवरच सोडलं होतं.

अप्पांनी पाण्यात एक पाय टाकला. मग तो काढून घेतला.

"पेटी दे होडीवाल्याकडं," ते मला म्हणाले. "आन् तूबी उतरू नको. भाऊ संगं आला काय, बाप आला काय, एकच."

ताई होडीत चढली. एका बाईनं तिला हात दिला आणि विचारलं, "बाई काय गो तू नवीन?" ताई म्हणाली, "हो. मी बाई." होडीतल्या सगळ्याजणी सरकल्या आणि तिला मधली कोरडी जागा दिली.

होडी पलीकडे पोचेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. ताई उतरताना दिसली, इतकी लांबून की फक्त साडीचा रंग. कुणीतरी पेटी डोक्यावर घेतली. ती चढण चढली आणि माडांत गेली. अप्पांनी चप्पल घातली. म्हणाले, "नाशिकची गाडी कधी हाय?" मला माहीत होतं, मी सांगितलं. वाटेत मी घाटात दरीकडची खिडकी घेतली आणि अप्पांनी मला चहासाठी कऱ्हाडला उतरू दिलं, यातच काय ते आलं.

तुम्ही जाणार असाल तर अर्ध्या दिवसाचं दर्शन पुरतं. थिबा पॉइंट सकाळी जास्त छान दिसतो असं दिगंबर म्हणाला होता, पण सकाळची फेरी तो स्वतः करत नाही, तेव्हा दुपारचीच करा. माणूस मजेशीर आहे. पैसे त्याच्या टोपीतच टाका. फिरायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरं. टोपी न्या, दीपगृहावर ती सांभाळा. खाडीपलीकडे जायचं तर भरती-ओहोटी विचारून घ्या, नाहीतर तिकडे मुक्काम पडेल.

घरी आलो तर ओसरीवर मोठी आई, म्हणजे अप्पांची बायको, वाट बघत उभी. सोबत कोण नाही ते तिनं बघितलं. रडली नाही. पदर तोंडाला लावून तिनं एकच विचारलं.

"पाणी कसं हाय तिथलं?"

अप्पा पाय धुवत होते. मान वर न करता म्हणाले, "गोड."

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाय पुसले आणि बागेकडे निघून गेले. नंतर गावात कुणी विचारलं की अप्पा रत्नागिरीचं वर्णन करायचे: विहीर देवळाजवळ आहे, कठडा चांगला आहे, पाणी कैरीच्या पन्ह्यासारखं. इतकं बारीक सांगायचे की मलाच शंका यायची, मी धक्क्यावर डुलकी तर काढली नव्हती ना.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. बरी होती. मुलं कविता पाठ करत नाहीत म्हणून तक्रार, शेजारची आजी रोज काहीतरी आणून देते म्हणून दुसरी तक्रार. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पाणी मचूळ आहे रे. खाडीचं लागतं विहिरीला. गोड्या पाण्याची विहीर वर कातळावर, तिथून आणते घागर. अप्पांना सांगू नको, ते लगेच गाडीत बसतील."

फोन ठेवला तर मोठी आई दारात. "काय म्हणती? पाणी मानवलं का तिला?"

"मानवलं," मी म्हटलं. "गोड आहे."

"हे म्हणतच होते," मोठी आई म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.